ज्यांच्यासाठी शाळा, त्यांचा शब्द : निवासी शाळेच्या कारभारात मुले व पालक यांचे स्थान

आपल्या शाळेची पालकसभा कित्येक वर्षे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजता भरत असे. निरोप सर्वांना जात, येणारे मोजकेच असत. सभा संपल्यावर शिक्षकदालनात चहा घेताना आम्ही दरवेळी एकच निष्कर्ष काढीत असू, तो म्हणजे आपला समाज अजून शिक्षणाबाबत उदासीन आहे. हा निष्कर्ष इतिवृत्तातही नोंदलेला आहे. पुढे एकदा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे एक पालक रात्रपाळी संपवून थेट मुलीला भेटावयास आले. सभेला आपण का येत नाही, असे आम्ही काहीशा तक्रारीच्या सुरात विचारले. ते शांतपणे म्हणाले, "सर, आमची सुट्टी गुरुवारी असते."

पिंपरी-चिंचवड व भोसरीतील बहुतेक लहान कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, हे या शहरातील शाळकरी मूलही जाणते. गुरुवारी वीज जाते, औद्योगिक रस्त्यांवर शुकशुकाट असतो, हे आम्हीही वर्षानुवर्षे पाहत होतो. चाकणच्या कंत्राटी कामगाराला ठेकेदार देईल तो वार सुट्टीचा. बांधकामावर किंवा घरकामाला जाणाऱ्या आईला तर सुट्टीचा वारच नाही. हे सर्व आम्हांस ठाऊक होते. परंतु पालकसभेचा दिवस ठरविताना ते आमच्या मनातही आले नाही, कारण तो दिवस ठरविणाऱ्या बैठकीत एकही पालक नव्हता. आम्ही सोय पाहिली ती आमची, आणि दोष ठेवला तो त्यांच्यावर.

प्रस्तुत लेखाचा विषय या एका वाक्यातून निघाला आहे. शाळा, वसतिगृह, अंगणवाडी, ग्रंथालय या मुलांसाठीच्या सेवा होत. त्यांची आखणी करताना ज्यांच्यासाठी त्या आहेत ती मुले व त्यांचे पालक बरोबरीच्या नात्याने बैठकीला असावेत की नसावेत? स्मरणिकेत शाळेचा गौरव होतो आणि तो व्हावयासही हवा. तथापि ज्या चळवळीतून आपली शाळा उभी राहिली, तिने आपल्याला आत्मपरीक्षणही शिकविले आहे. म्हणून हा प्रश्न आम्ही येथे इतिहास, विनय, कायदा आणि अनुभव अशा चार अंगांनी तपासणार आहोत.

१. ही मागणी आपलीच आहे

मुलांचे व पालकांचे मत घ्यावे ही कल्पना परदेशातून आली, असे काही जणांना वाटते. महाराष्ट्राचा इतिहास वेगळे सांगतो. १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले. त्यावर १९ ऑक्टोबर १८८२ ही तारीख आहे. प्राथमिक शिक्षण वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही त्यातील मागणी आपण नेहमी सांगतो. त्याच निवेदनातील दुसरी मागणी मात्र फारशी सांगितली जात नाही. प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्य तितके शेतकरी समाजातून घ्यावेत, लोकांत मोकळेपणाने मिसळतील व त्यांच्या गरजा ओळखतील असे ते असावेत, असा जोतीरावांचा आग्रह होता. मोडी व बालबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्याचे धडे हे विषय त्यांनी सुचविले. शाळेत काय शिकवावे आणि कोणी शिकवावे हे ठरविताना शिकणाऱ्याचे जगणे समोर ठेवा, असे त्यांनी सरकारला बजावले.

त्याही आधी, १८५५ मध्ये, जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने छापला. आज तो आपण वाङ्मयीन ठेवा म्हणून वाचतो. परंतु शिक्षकाने तो आणखी एका दृष्टीने वाचावा. शाळेतील एक मुलगी आपल्या वस्तीची, आपल्या बाळंतिणींची दशा स्वतःच्या शब्दांत मांडते आणि ती छापली जाते. मुलाला अक्षर द्यावे आणि त्या अक्षराने ते काय म्हणते हेही ऐकावे, ही त्या शाळेची रीत होती.

बाबासाहेबांनी या रीतीला राजकीय तत्त्वाचे रूप दिले. १९१९ च्या जानेवारीत साउथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष देताना त्यांनी एक सूक्ष्म भेद दाखविला. एखाद्या वर्गाचे मत दुसऱ्या कोणी हितचिंतकाने मांडणे वेगळे, आणि त्या वर्गातील माणसाने स्वतः सभागृहात बसणे वेगळे. पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावयाचे, ही भूमिका त्यातून आली. पुढे २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी तिने सोलापुरात विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. सभेच्या प्रेरणेने विद्यार्थ्यांचे 'सरस्वती विलास' हे मासिकही निघत असे. वसतिगृहाने जेवण आणि निवारा द्यावयाचा, एवढ्यावर त्या पिढीची कल्पना थांबली नव्हती. तेथील मुलाने लिहावे, बोलावे, चालवावे हे त्यात गृहीत होते.

आपण हे तत्त्व विधानसभेला लावतो, नोकरीला लावतो, विद्यापीठाला लावतो. आमच्यावाचून आमचा निर्णय होणार नाही, असे आपण राज्यसंस्थेला ठणकावून सांगतो. मग आपल्याच भोजनगृहात, आपल्याच वसतिगृहात, आपल्याच पालकसभेत ते तत्त्व दाराबाहेर का थांबते? हितचिंतकाच्या जागी आता आम्ही शिक्षक बसलो आहोत, एवढाच फरक झाला काय?

२. विनयपिटकातील दोन प्रसंग

निवासी संस्था कशी चालवावी यावरील आपल्या परंपरेतील सर्वांत जुना ग्रंथ म्हणजे विनयपिटक. त्यातील नियम एका बैठकीत रचलेले नाहीत. काही घडले, कोणी तक्रार केली, तथागतांनी ती ऐकली आणि नियम केला किंवा बदलला, अशीच त्यांची घडण आहे. मुलांशी संबंधित दोन प्रसंग 'महावग्गा'त आहेत.

पहिला प्रसंग राजगृहाचा. उपाली नावाच्या मुलाच्या आई-वडिलांना प्रश्न पडला की, आपल्यामागे याचे कसे होईल? लेखन शिकविले तर बोटे दुखतील, गणित शिकविले तर छाती दुखेल, चित्रकला शिकविली तर डोळे दुखतील. त्यापेक्षा भिक्खू झाला तर सुखाने राहील. मुलाने हे ऐकले, मित्रांना सांगितले, आणि सतरा मुले संघात दाखल झाली. पहाटेच्या अंधारात ती उठली आणि पेज द्या, भात द्या म्हणून रडू लागली. उजाडेपर्यंत थांबा, असे भिक्खूंनी सांगितले. मुले रडत राहिली आणि त्यांनी अंथरुणे घाण व ओली केली. तथागतांनी तो आवाज ऐकून आनंदाला विचारले, हा मुलांचा आवाज कसला? हकिकत कळल्यावर त्यांनी दोष दिला तो जाणूनबुजून लहान मुलांना उपसंपदा देणाऱ्या भिक्खूंना. थंडी, ऊन, भूक सहन करण्याचे हे वय नव्हे, असे सांगून त्यांनी वीस वर्षांखालील व्यक्तीस उपसंपदा देऊ नये असा नियम केला. रडणे हा मुलांचा अपराध ठरला नाही. ती संस्थेच्या चुकीची खूण ठरली.

दुसरा प्रसंग कपिलवस्तूचा. सारिपुत्तांनी लहान राहुलाला प्रव्रज्या दिली. आजोबा शुद्धोदन व्यथित होऊन आले. आधी मुलगा गेला, मग नंद गेला, आता नातूही गेला. हे दुःख कातडी, मांस, हाड भेदून मज्जेपर्यंत जाते, असे त्यांनी सांगितले, आणि यापुढे आई-वडिलांच्या अनुमतीवाचून मुलाला प्रव्रज्या देऊ नये अशी विनंती केली. तथागतांनी तसा नियम केला. तक्रार करणारा पालक होता, ज्यांच्याविषयी तक्रार होती ते संघातील अग्रगण्य शिष्य होते, आणि तरीही नियम बदलला.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीचा उल्लेख केला. आसनव्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतदान हे संसदीय नियम संघाला ठाऊक होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. ते भाषण आपण दरवर्षी मुलांना वाचून दाखवितो. वाचून झाल्यावर मुलांना ठराव मांडू देणारी सभा आपल्या शाळेत किती वर्षे होती, हे आम्ही स्वतःला विचारले तेव्हा उत्तर सुखावह नव्हते.

३. कायदा काय सांगतो

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. भारताने ११ डिसेंबर १९९२ रोजी तिला मान्यता दिली. तिचे बारावे कलम सांगते की, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या मुलाला आपल्याशी संबंधित सर्व बाबींत ते मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे, आणि त्या मताला मुलाचे वय व समज लक्षात घेऊन योग्य ते वजन दिले पाहिजे. यात ऐकणे आणि वजन देणे या दोन गोष्टी आहेत. ऐकून फाईलमध्ये ठेवणे म्हणजे अर्धे कलम पाळणे होय.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार शासकीय, स्थानिक संस्थांच्या व अनुदानित शाळांना शाळा व्यवस्थापन समिती स्थापन करावी लागते. तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, आणि वंचित व दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान असावे, असे कायदा म्हणतो. शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांत शाळा विकास आराखडा तयार करण्याचे कामही याच समितीकडे आहे; अनुदानित शाळांत तिची भूमिका सल्लागाराची आहे. म्हणजे पालकाने केवळ पाहुणा म्हणून येऊन अहवाल ऐकावयाचा नाही. शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांत आराखडा त्याने करावयाचा आहे.

बालगृहांसाठी २०१६ चे केंद्रीय आदर्श नियम याहून पुढे जातात. सहा ते दहा, अकरा ते पंधरा आणि सोळा ते अठरा या वयोगटांच्या स्वतंत्र बालसमित्या असाव्यात व त्यांत केवळ मुलेच असावीत, असे ते सांगतात. निवासी शाळेला हे नियम जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु वयोगट वेगळे करण्यातील शहाणपण कोणत्याही गृहपालाला पटेल. दहावीच्या मुलासमोर तिसरीचे मूल तोंड उघडत नाही.

रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी लिहिलेल्या पुस्तिकेत मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. मुलांना वापरून घेणे, मुलांना शोभेसाठी उभे करणे आणि मुलांच्या सहभागाचा देखावा करणे, या त्या तीन पायऱ्या. १४ एप्रिलला व्यासपीठावर पाहुण्यांसमोर मुलाने म्हटलेले भाषण आम्ही लिहिलेले असते, टाळ्यांची जागाही आम्ही सांगितलेली असते. ते भाषण जरूर व्हावे. वक्तृत्वाचा सराव म्हणून त्याचे मोल आहे. परंतु त्याला मुलाचा आवाज म्हणू नये.

४. आपल्याच परिसरातील एक धडा

सेवा घेणाऱ्यांचे ऐकल्याने सेवेचा आराखडाच कसा बदलतो, याचे मोठे उदाहरण पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्येच आहे. १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातील पौर्णिमा चिकरमाने, लक्ष्मी नारायण व त्यांचे सहकारी कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी अनौपचारिक शिक्षणाचे काम करीत होते. मुलांना वर्गात बसवावे, हा मूळ हेतू. ते काम करताना कार्यकर्ते मुलांबरोबर व त्यांच्या आयांबरोबर कचराकुंड्यांपर्यंत गेले. तेथे प्रश्न वेगळाच दिसला. मूल शाळेत न येण्याचे मूळ आईच्या मजुरीत होते. सुका कचरा कुंडीत कालवला जाण्याआधी घराघरांतून वेगळा मिळाला तर कमाई वाढेल, श्रम व घाण कमी होईल, आणि मुलाला पोते घेऊन फिरावे लागणार नाही. पण घरापर्यंत जाऊ द्यावयाचे तर लोकांचा विश्वास हवा, चोरीचा आळ टळावयास हवा. म्हणून ओळखपत्र हवे.

अशा रीतीने मुलांच्या वर्गापासून निघालेली वाट संघटनेपर्यंत पोहोचली. १९९३ मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची परिषद झाली. स्वतः कचरावेचक आईचे पुत्र असलेले मोहन ननावरे यात अग्रभागी होते. त्यातून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. नव्वदच्या दशकातच पुणे व पिंपरी-चिंचवड या दोन्ही महानगरपालिकांनी पंचायतीच्या ओळखपत्रांना मान्यता दिली. पंचायतीच्या सभासदांत स्त्रिया बहुसंख्य आहेत आणि त्यांतील बहुतेक दलित समाजातील आहेत. वस्त्यावस्त्यांतील प्रतिनिधींनी एकत्र बसून निर्णय घ्यावयाचे, ही तिची पद्धत आहे.

यातून शिक्षकाने घ्यावयाचा धडा साधा आहे. त्या कार्यकर्त्यांनी आयांचे ऐकले नसते, तर गळतीचे आकडे मांडून 'पालक उदासीन' असा शेरा त्यांनीही मारला असता. कर्नाटकात कुंदापूर भागात कामकरी मुलांच्या 'भीम संघा'तून १९९० च्या दशकात मुलांच्या पंचायती निघाल्या, तेथेही असेच घडले. शाळेच्या वाटेवरील ओढे पावसाळ्यात ओलांडता येत नाहीत, म्हणून साकव हवेत, हे मुलांनी पुढे आणले. मोठी माणसे शाळेची इमारत पाहत होती, मुले शाळेची वाट पाहत होती.

५. मागच्या भिंतीची दोरी

आता आमच्या अनुभवाकडे वळतो. गुरुवारच्या त्या प्रसंगानंतर आम्ही तिघा शिक्षकांनी ठरविले की, मुलांनाही विचारावे. गट वेगळे केले. लहान मुलांचा एक, मोठ्या मुलांचा एक आणि मुलींचा स्वतंत्र, तोही शिक्षिकांच्या उपस्थितीत. सुरुवातीला एकच प्रश्न ठेवला : वसतिगृहातील कोणती गोष्ट तुम्ही बदलाल? क्रिकेटचे साहित्य, दूरदर्शन संच, रविवारी गोड जेवण अशी उत्तरे येतील, असा आमचा अंदाज होता. तशी काही आलीही. परंतु लहान मुलांच्या गटातून तीन मागण्या आल्या, त्या आम्ही कधी कल्पिल्या नव्हत्या.

पहिली, शौचालयाच्या वाटेवर रात्रभर दिवा. दुसरी, घरी फोन करण्याची वेळ बदलावी. ती वेळ सायंकाळी सहा ते सात होती. आई किंवा वडील दुसऱ्या पाळीला असतील तर त्या वेळी ते मशीनवर उभे असतात आणि त्यांचा फोन गेटवर जमा असतो. म्हणजे काही मुलांचे महिनाभर घरी बोलणेच होत नव्हते. फोन लागत नाही म्हणून रडणाऱ्या मुलाला आम्ही मन घट्ट करावयास सांगत होतो.

तिसरी मागणी एका आठ वर्षांच्या मुलाने खाली मान घालून मांडली. इमारतीच्या मागे एक दोरी बांधावी.

आपल्या वसतिगृहात जुना नियम होता. रात्री ज्याचे अंथरूण ओले होईल त्याने ते सकाळी स्वतः उचलून मैदानाकडील भिंतीवर वाळत घालावे. तेथे ऊन चांगले येते, म्हणून स्वच्छतेच्या हेतूने हा नियम झाला होता. त्याच मैदानात प्रार्थनेच्या रांगा लागत. सर्व शाळेसमोर ते अंथरूण वाळत असे आणि ते कोणाचे हे सर्व शाळेला कळत असे.

दोरीची मागणी ऐकताच आम्हां तिघांनाही एकच मुलगा आठवला. पुष्कळ वर्षांपूर्वी तो चौथीत होता. आई-वडील मराठवाड्यातून येऊन चाकणकडे बांधकामावर राहत. गणितात हुशार. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आला नाही. आम्ही दोन पत्रे पाठविली, उत्तर आले नाही, आणि हजेरीपटावर 'सतत गैरहजर' असा शेरा मारून नाव कमी केले. त्याला वर्गातील मुले कोणत्या नावाने हाक मारीत, हे आम्हांस ठाऊक होते. हाक मारणाऱ्यांना आम्ही रागावलो होतो. भिंत मात्र आम्ही बदलली नाही. तो नियम चुकीचा असू शकतो, हे सांगण्याची जागाच त्या मुलाला नव्हती.

दोरी दुसऱ्या दिवशी बांधली. फारसा खर्च आला नाही. विनयातील ती सतरा मुले आम्ही अनेकदा शिकविली होती. त्यांच्या ओल्या अंथरुणांचा उल्लेख मात्र प्रत्येक वेळी गाळून पुढे गेलो होतो.

पालकसभा आता दोनदा होते, एकदा गुरुवारी आणि एकदा रविवारी सायंकाळी. पहिल्या गुरुवारी सतरंज्या कमी पडल्या. आयांनी मुलींच्या वसतिगृहाविषयी जे प्रश्न विचारले, ते कोणत्याही तपासणी अधिकाऱ्याने आजवर विचारले नव्हते. शाळेच्या सूचनापत्रातील भाषा आम्हांला कळत नाही, साधे लिहा, असेही त्यांनी सांगितले. इतिहासाचे एम.ए. झालेल्या माणसाने ही सूचना मुकाट्याने स्वीकारली.

६. बहुमत आणि समता

या मार्गात सर्व काही गोड आहे, असे भासविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. दुसऱ्या वर्षी मोठ्या मुलांच्या सभेत एक ठराव आला. हिंदी बोलणाऱ्या मुलांची जेवणाची पंगत वेगळी असावी. ती मुले गोंगाट करतात, अस्वच्छ राहतात, असे कारण दिले होते. बाजूने हात भराभर वर आले. ज्यांचे आजोबा-पणजोबा गावच्या पंगतीबाहेर बसले, त्यांची नातवंडे पंगत वेगळी करू पाहत होती.

आमच्यापुढे पेच पडला. ठराव फेटाळावा तर सभा म्हणजे नाटक ठरते, आणि मान्य करावा तर शाळेच्या अस्तित्वालाच अर्थ उरत नाही. आम्ही त्या दिवशी मत मोजले नाही. पुढच्या सभेत ज्यांच्याविषयी ठराव होता त्या मुलांना प्रथम बोलावयास सांगितले. बिहारहून आलेला सातवीतील एक मुलगा म्हणाला की, आम्हांला भाजी वाढताना मराठीत काय मागावे ते कळत नाही, म्हणून आम्ही एकमेकांना मोठ्याने विचारतो. सभा गप्प झाली. ठराव मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला. मग आम्ही मुलांना सांगितले की, समानतेचा हक्क मतास टाकता येत नाही. संविधानाने तो बहुमताच्या हाती ठेवलेला नाही. भात, भाजी, दिवा, दोरी, वेळापत्रक यांवर मत घेता येते. कोणी कोणाशेजारी बसावे यावर नाही. हा धडा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून आम्ही इतक्या स्पष्टपणे कधी शिकवू शकलो नव्हतो.

मुलांना विचारले तर शिस्त बिघडेल, अशी एक शंका सहकारी मित्र घेतात. आमचा अनुभव असा की, जो नियम करताना मूल बैठकीला असते, तो पाळला जावा यासाठी ते आमच्यापेक्षा अधिक दक्ष असते. पालक अशिक्षित आहेत, त्यांना शाळेचे काय कळणार, ही दुसरी शंका. हा युक्तिवाद आपल्याविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी वापरला गेला होता. तो आपल्या तोंडी शोभत नाही. बरोबरी म्हणजे जबाबदारी ढकलणे नव्हे, हेही स्पष्ट असावे. मुलांची सुरक्षितता, पैशाचा हिशेब, अध्यापनाचा दर्जा यांबद्दल उत्तर आम्हीच द्यावयाचे आहे. मुलाने दिवा मागावा. दिवा लागला नाही तर जाब आम्हांला विचारला जावा.

७. पुढील वाटचालीसाठी

अनुभवांती काही गोष्टी आम्ही सुचवितो. नियम करण्याआधी त्याचा परिणाम ज्याच्यावर होणार, तो बैठकीत आहे काय हे पाहावे. वयाने लहान, मुली, नव्याने आलेली व दुसरी भाषा बोलणारी मुले यांना प्रथम बोलू द्यावे. प्रत्येक सूचनेचे पुढे काय झाले, ते पुढच्या सभेत सांगावे. नकार असेल तर कारणासह सांगावा. वर्गप्रमुख म्हणून शिक्षकांची आवडती मुलेच पुढे येत असतील, तर सभेतील प्रतिनिधी चिठ्ठी टाकून निवडावेत. मुलाने केलेल्या तक्रारीची झळ त्याला कधीही लागू देऊ नये. एकदा लागली की सर्व मुले गप्प होतात आणि पुढे कितीही सभा घेतल्या तरी बोलत नाहीत.

वाचकांनी पुढील प्रश्नांवर घरी, विहारात व माजी विद्यार्थी मेळाव्यात चर्चा करावी, ही विनंती.

(१) आपण शाळेत असताना कोणता नियम आपल्याला टोचत होता? तो कोणाला सांगता आला असता काय?

(२) आपल्या मुलाच्या शाळेची व्यवस्थापन समिती कोणत्या वारी, कोणत्या वेळी भरते? तिचे सदस्य पालक कोण, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

(३) आपल्या घरात मुलाशी संबंधित निर्णय घेताना मुलाला विचारले जाते काय? मुलीला विचारले जाते काय?

(४) आपल्या वस्तीतील अंगणवाडी वा अभ्यासिका ठरविताना त्या वस्तीतील आयांचे मत कोणी घेतले होते?

या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी छापली आहे. तीत अभियंते आहेत, परिचारिका आहेत, शिक्षक आहेत, चाकणच्या कारखान्यांतील कुशल कामगार आहेत. ती यादी पाहून आम्हांला अभिमान वाटतो. चौथीत शाळा सोडून गेलेल्या त्या मुलाचे नाव तीत नाही. अशी आणखी किती नावे असतील, हे हजेरीपटांतून शोधण्याचे काम आम्ही यंदा हाती घेतले आहे. ज्यांना आपल्या वर्गातून मध्येच गेलेला मित्र किंवा मैत्रीण आठवते, त्यांनी तो का गेला, ती का गेली, एवढे आम्हांला कळवावे. शाळा सोडून गेलेल्यांचे मतही आम्हांला ऐकावयाचे आहे. ते उशिरा ऐकतो आहोत, याची आम्हांला जाणीव आहे.

जय भीम.